गॅरेजमधले विमान : आरव्ही-9ए च्या प्रकल्प नोंदी

17 मे 2015, बीव्हर्टन, ओरेगन

आरव्ही-9ए हे दोन आसनी विमान मी कंपनीच्या किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, घरीच बांधणार आहे. त्याच्या शेपटीच्या किटची पेटी परवा ऑरोरा येथील व्हॅन्स एअरक्राफ्टच्या कारखान्यातून मी स्वतःच गाडीच्या टपावर बांधून आणली. दोन संध्याकाळी यादीशी पडताळा घेण्यात गेल्या. पत्र्याचे मोठे भाग मोजणे सोपे असते. वेळ जातो तो रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, लहान पिशव्यांत, कारण ते नगावर येत नाहीत, वजनावर येतात, आणि पाऊण मिलिमीटर लांबीच्या फरकाची दोन वाणे एकमेकांत मिसळली की ती पुन्हा निवडणे तांदळातले खडे वेचण्याहून जिकिरीचे होते.

ही वही छंद म्हणून ठेवलेली नाही. अमेरिकेतील विमानवाहतुकीचे नियमन करणाऱ्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएएच्या, नियमानुसार हौशी बांधणीच्या वर्गात विमानाची नोंद व्हायची असेल, तर त्याच्या बांधणीतील निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधणाऱ्यांनी केलेले असावे लागते. हे निम्मे तासांत किंवा डॉलरांत धरले जात नाही. कामांची एक लांबलचक तपासयादी असते आणि त्यातील किती कामे कारखान्याने केली व किती मी केली, यावर हिशेब ठरतो. त्यामुळे प्रत्येक नोंदीत काम, तास आणि छायाचित्राचा क्रमांक येईल.

क्लबमध्ये मी ज्या सेसना 172पी वर उड्डाण करतो, तिच्यासाठी असे काही कोणी कधी लिहिले नसावे. तेथे आधी नमुन्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे आराखड्याची मान्यता, मिळाले, मग कारखान्याच्या उत्पादनपद्धतीला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर त्याच आराखड्यांबरहुकूम एकामागून एक विमाने बाहेर पडली. 172 चे पहिले उड्डाण 1955 सालचे. आजवर 43 हजारांहून अधिक विमाने तयार झाली आहेत. माझ्या विमानाबाबत मात्र कागद विमानाच्या मागून येणार आहे.

काम : पडताळा. 5 तास.

6 जून 2015

व्हर्टिकल स्टॅबिलायझरचा, म्हणजे शेपटीच्या उभ्या स्थिर पात्याचा, सांगाडा पूर्ण झाला. आजपासून पत्रा चढवण्यास सुरुवात.

किटमधील पत्र्याला भोके आधीच पाडलेली असतात, त्यामुळे भाग जागेवर धरून क्लेको (तात्पुरत्या पकडी) लावले की ते आपोआप जुळतात. चाळीस वर्षांपूर्वी नुसत्या नकाशांवरून बांधणाऱ्यांना हे सुख नव्हते. तरीही प्रत्येक भोक अंतिम मापाला नेणे, दोन्ही बाजूंनी बर (कडेचा खरखरीतपणा) काढणे, डिंपल (रिव्हेटचे डोके बसण्यासाठी खळगा) पाडणे, प्रायमर मारणे आणि मग रिव्हेट ठोकणे हा क्रम चुकत नाही. एका भोकाला सहा वेळा हात लागतो आणि अशी भोके विमानात हजारोंनी आहेत.

बाहेरच्या पत्र्याचे रिव्हेट 3/32 इंची, सपाट डोक्याचे. आतल्या बाजूला ठोकून तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे, म्हणजे सुमारे 3.6 मिलिमीटर रुंद व 1.2 मिलिमीटर उंच. आज ठोकलेल्या 84 पैकी 7 काढून टाकले. तीन तिरके बसले होते, तर चारांत हवेच्या हातोड्याचे तोंड घसरून पत्र्यावर चंद्रकोर उमटली. रिव्हेट काढताना भोक मोठे झाले तर मूळ चुकीपेक्षा दुरुस्ती महाग पडते, हे आधी वाचले होते, आज कळले.

संध्याकाळी हिल्सबरोच्या विमानतळावर 172 च्या अंगावरून मुद्दाम हात फिरवला. धडावर घुमटी डोक्यांच्या रांगा बोटांना लागत जातात. प्रशिक्षणाच्या विमानाला ते चालते, आणि कारखान्यात असे रिव्हेट भराभर ठोकता येतात. सपाट डोक्यांसाठी लागणारे माझे तास कोणी पगारावर विकत घेतले असते, तर हे विमान कोणालाच परवडले नसते.

काम : स्टॅबिलायझर, डावी बाजू. 6.5 तास.

19 जुलै 2015

बाबा गेल्या आठवड्यात पुण्याहून आले, डिसेंबरपर्यंत राहतील. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या गाड्या बांधण्यात काढली, त्यामुळे गॅरेजमध्ये शिरताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो डॉली कोठे आहे, हा. येथील पुस्तकांत रिव्हेटच्या मागे धरायच्या त्या पोलादी ठोकळ्याला वेगळेच नाव आहे, पण आजपासून या वहीत तो डॉलीच राहील.

रडरच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याच्या, पत्र्यावर मी बाहेरून हातोडा धरला आणि त्यांनी आतून डॉली. चौथ्या रिव्हेटनंतर त्यांनी मला थांबवले. मी हातोडा चालू करून मग दाबत होतो. त्यांच्या मते आधी दाब द्यावा, समोरच्याचा ठोकळा हाताला जाणवू द्यावा आणि मगच चाप ओढावा. त्यानंतरच्या 62 रिव्हेटांपैकी एकही काढावा लागला नाही. त्यांच्या कामाचे तास स्वतंत्र रकान्यात लिहिले आहेत. मोबदला न घेता मदत करणाऱ्या हौशी माणसाचे काम नियमाला चालते; पैसे देऊन करून घेतलेले काम मात्र माझ्या निम्म्यात धरले जात नाही.

चहाच्या वेळी त्यांनी विचारले, "हे सगळं झाल्यावर ह्याचं पासिंग कोण करणार?" एफएएचा निरीक्षक किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी येऊन पाहील, असे मी सांगितले. किती वेळा येतो, यावर मी एकदाच म्हणालो, शेवटी. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. कार्यशाळेत सांगाडा झाला की एक तपासणी, पत्रा चढला की दुसरी, अशा पायऱ्या त्यांना ठाऊक होत्या. बंद झालेल्या पत्र्याआड काय आहे ते शेवटी येणाऱ्या माणसाला कसे दिसणार, ही त्यांची शंका रास्त आहे.

यावर एक तोड आहे. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत स्थापन केलेली हौशी विमानबांधकांची संस्था, अनुभवी स्वयंसेवकांना तांत्रिक सल्लागार म्हणून नेमते आणि ते विनामूल्य येऊन बांधणी पाहतात. कायद्याने ते बंधनकारक नाही. यापुढे प्रत्येक भाग बंद करण्यापूर्वी सल्लागाराला बोलवायचे, असे ठरवले. बाबांना हे पटले, निदान त्यांनी दुसरा कप घेतला.

काम : रडर. माझे 5, बाबांचे 5 तास.

24 ऑक्टोबर 2015

पंखांचे किट आले. मुख्य स्पार, म्हणजे पंखाची तुळई, कारखान्यातूनच पूर्ण रिव्हेट होऊन, सोनेरी अ‍ॅनोडाइझिंगसह आला आहे. विमानाचा सगळा भार ज्या एका भागावर येतो तो भाग मी बांधलेला नाही, ही गोष्ट लोकांना सांगितली की त्यांना हायसे वाटते.

कारखान्याचे विमान आणि घरचे विमान यांच्यातील रेघ सांगायला वाटते तितकी सरळ नाही, हे या पेटीने दाखवले. लायकॉमिंगचे इंजिनही कारखान्याचेच असणार, आणि 172पी मध्ये त्याच ओ-320 घराण्यातले, तितक्याच म्हणजे 160 अश्वशक्तीचे इंजिन आहे. धातू तोच, रिव्हेट तेच, इंजिन तेच. मग 172पी सुमारे 120 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने जाते आणि आरव्ही-9ए साठी कंपनी सुमारे 160 नॉट सांगते, ते कशामुळे? माझ्या विमानात दोनच आसने आहेत, पंखाखाली तिरक्या आधारदांड्या नाहीत, पंखाचे क्षेत्रफळ 16 ऐवजी साडेअकरा चौरस मीटर आहे, आणि पूर्ण भारासह वजन 1,089 किलोऐवजी 794 किलो. जॉन राँझ यांनी आखलेल्या पंखाच्या छेदाच्या आकारामुळे आणि मोठ्या फ्लॅप्समुळे (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पात्यांमुळे) उतरतानाचा किमान वेग मात्र 172 च्या आसपासच राहतो. कारखान्याला हे जमत नाही असे नाही. चार माणसे, त्यांचे सामान आणि रोज नवा विद्यार्थी सोसणारे विमान त्याला विकायचे असते. मला एवढे सोसणारे विमान नको आहे.

काम : पडताळा, रिब्जची बर काढणे. 7 तास.

21 फेब्रुवारी 2016

या आठवड्यात काम झाले नाही. मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात अमोल यादव यांचे सहा आसनी विमान मांडल्याची बातमी बाबांनी फोनवर वाचून दाखवली. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी ते कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधले.

बाबांचा सूर "बघ, गच्चीवर!" असा होता, पण तुलना मला पेलणारी नाही. माझ्या हातात हजारो लोकांनी आधी बांधून पाहिलेल्या कंपनीचे किट आहे, भोके पाडलेला पत्रा आहे, अडले तर फोन उचलणारा विभाग आहे, आणि 'हौशी बांधणी' नावाचा दशकानुदशके रुळलेला कायदेशीर वर्ग आहे. यादवांनी आराखडाही स्वतः केला, आणि त्यांना अशा विमानासाठी मळलेली वाटही नव्हती.

17 एप्रिल 2016

क्लबच्या सूचनाफळीवर चर्चा : हौशी बांधकांच्या असोसिएशनच्या प्रयत्नांतून डायनन कंपनीचा डी-10ए हा इलेक्ट्रॉनिक क्षितिजदर्शक सेसना 172 सारख्या प्रमाणित विमानांत बसवण्यास एफएएने परवानगी दिली. हे उपकरण हौशी विमानांत वर्षानुवर्षे वापरात आहे. प्रमाणित विमानांत मात्र व्हॅक्यूम पंपावर फिरणारे जायरोच चालत आले, कारण प्रमाणपत्र नसलेली वस्तू बसवायची तर त्या बदलालाच वेगळी मान्यता लागते आणि तिचा खर्च उपकरणाच्या किमतीला मागे टाकतो. माझ्या पॅनेलमध्ये काय बसवायचे ते मी ठरवतो. या एका बाबतीत घरचे विमान कारखान्याच्या विमानाला गुरुस्थानी आहे, असे मला वाटते.

काम : डाव्या पंखाचा सांगाडा. 4 तास.

11 सप्टेंबर 2016

इंधनटाक्या. बांधकांच्या जगात हे प्रकरण बदनाम आहे आणि ते उगीच नाही.

पंखाच्या पुढच्या कडेतच टाकी असते, प्रत्येकी 68 लिटरची. प्रत्येक रिव्हेट व प्रत्येक सांधा प्रोसीलने, म्हणजे गळती रोखणाऱ्या चिकट लेपाने, लिंपायचा : पांढरा लेप दहा भाग, काळा कठिणक एक भाग, वजनकाट्यावर मोजून. मिश्रण एकसारखे राखाडी झाले की ते घट्ट होण्याच्या आत काम उरकायचे. गंधकासारखा वास कपड्यांना धरतो, आणि जे एकदा माखले ते माखले. दाराच्या कडीवरचा डाग घर विकताना समजावून सांगावा लागेल.

टाकी बंद झाल्यावर वायुनळीच्या तोंडाला फुगा बांधला आणि किंचित हवा भरली. फुगा दुसऱ्या दिवशीही ताठ राहिला तर गळती नाही. सकाळी सहा वाजता फुगा मलूल होऊन लोंबत होता. साबणाचे पाणी घेऊन अडीच तास सांधा न् सांधा तपासला. एकही बुडबुडा आला नाही. दुपारी गॅरेज तापले तसा फुगा आपोआप पुन्हा ताठ झाला. रात्री तापमान 11 अंशांनी उतरले होते, एवढेच घडले होते. शाळेत शिकलेला वायूंचा नियम मला अडीच तास आठवला नाही, याची नोंद प्रामाणिकपणे करून ठेवतो.

काम : डावी टाकी, चाचणी. 9.5 तास (पैकी 2.5 वाया).

28 जानेवारी 2017

आज क्लबच्या 172 ची वार्षिक तपासणी मेकॅनिकच्या परवानगीने उभे राहून पाहिली.

आसने काढून तो रुळांवर वाकला आणि आसनाची खीळ ज्या भोकांत बसते त्यांची झीज मापू लागला. भोक झिजले तर खीळ नीट अडकत नाही आणि उड्डाण घेताना आसन मागे सरकू शकते. वैमानिकाच्या हातात स्टिअरिंग असते, ते त्याच्याबरोबर मागे ओढले जाते आणि नाक वर जाते. अशा अपघातांनंतर एफएएने सेसनाच्या अनेक मॉडेलांसाठी या रुळांच्या तपासणीचा आदेश काढला, पहिला 1987 साली आणि सुधारलेला 2011 साली. तो पाळल्याशिवाय विमान उडवता येत नाही. देशातील हजारो विमानांच्या रुळांवर आज असाच कोणीतरी वाकत असेल.

मी रात्रभर याचाच विचार करत होतो. प्रमाणित विमानाच्या कागदपत्रांना आम्ही बांधक हसतो, एका साध्या बटणासाठी मान्यताप्राप्त सुटा भागच लागतो म्हणून कुरकुरतो. पण त्या कागदांमुळेच एका विमानातला दोष बाकीच्या सर्वांच्या कानावर जातो, आणि त्यांना तो ऐकावाच लागतो. माझ्या सांगाड्याबाबत किट बनवणारी कंपनी सूचनापत्र काढेल, ते मी वाचेन की नाही आणि पाळेन की नाही हे माझ्यावर राहील. शिवाय सारख्याच किटमधून बांधलेली दोन विमाने वायरिंगमध्ये, इंधनाच्या नळ्यांमध्ये आणि पॅनेलमध्ये सारखी नसतात, त्यामुळे शेजारच्याच्या विमानातला दोष माझ्या विमानात असेलच, किंवा नसेलच, असे काहीच म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली हौशी विमानांवर अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी व सामान्य विमानवाहतुकीच्या ताफ्यात या विमानांचा वाटा सुमारे 10 टक्के, पण 2011 सालच्या एकूण अपघातांत सुमारे 15 टक्के आणि प्राणघातक अपघातांत 21 टक्के. सर्वाधिक अपघात दोन कारणांनी : इंजिन व त्याच्या यंत्रणेतील बिघाड आणि विमानावरील ताबा सुटणे. त्यातही बरेच अपघात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीच्या तासांत झालेले. पंख मोडून पडणे या यादीत ठळक नाही. रिव्हेटमागे मी जितके तास घालवले तितकेच इंधनाच्या नळ्यांमागे घालवायला हवेत, असा याचा मला लागलेला अर्थ आहे.

काम : नाही.

10 मार्च 2018

माझी चूक. धडाच्या एका आडव्या चौकटीत भोक पाडताना ड्रिल घसरले आणि भोक काठाकडे सरकले. भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर हवे; ते दीडपटीवर आले. कारखान्यात असा भाग बाजूला काढतात, अभियंता तो पाहतो, हिशेब करून एकतर लेखी मंजुरी देतो किंवा भंगारात टाकतो. मी कंपनीच्या साहाय्य विभागाला छायाचित्र पाठवले. उत्तर एका ओळीचे होते : बहुधा चालेल, पण विमान तुमचे आहे.

पहिल्या वाक्यखंडावर विसंबण्याचा मोह दोन दिवस टिकला. आज नवी चौकट मागवली. जुनी भिंतीवर टांगली आहे.

काम : चौकट काढणे. 3 तास.

5 मे 2019, इंडिपेन्डन्स, ओरेगन

विमान गेल्या महिन्यात इंडिपेन्डन्सच्या हँगरमध्ये हलवले. येथे धावपट्टीला लागूनच वसाहत आहे आणि घराघरांत कोणी ना कोणी काहीतरी बांधत असतो, त्यामुळे हत्यार उसने मिळते आणि सल्ला न मागता मिळतो.

आज इंधनप्रवाहाची चाचणी. 172 चे पंख वर असल्याने त्या विमानात पेट्रोल गुरुत्वाने खाली येते; टाकी निवडण्याची कळ 'दोन्ही' वर ठेवली की वैमानिक मोकळा. माझ्या विमानाचे पंख खाली आहेत, म्हणून इंजिनाचा पंप आणि जोडीला विजेचा पंप लागतो, आणि कळीला 'डावी' व 'उजवी' अशा दोनच जागा आहेत, कारण दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक रिकामी झाली तर पंप पेट्रोलाऐवजी हवाच ओढील. दर अर्ध्या तासाने टाकी बदलण्याची सवय मला लावून घ्यावी लागेल.

नाकाचे चाक लाकडी ओंडक्यांवर चढवून विमान तीव्र चढाच्या कोनात उभे केले, कार्ब्युरेटरची नळी सोडून बादलीत धरली आणि घड्याळ लावले. पूर्ण शक्तीला इंजिन तासाला सुमारे 50 लिटर पिते. पंपाच्या यंत्रणेत त्याच्या सव्वापट प्रवाह हवा. डावी टाकी तासाला 94 लिटर, उजवी फक्त 71. उजवीही निकषात बसते, पण दोन सारख्या नळ्यांत एवढा फरक का पडावा? जोडणी उकलली तेव्हा आत प्रोसीलचा हरभऱ्याच्या डाळीएवढा कण सापडला. काढल्यावर 93.

काम : प्रवाह चाचणी, दोनदा. 8 तास.

22 जून 2019

तपासणी झाली. त्याआधी वजन : तीन चाकांखाली तीन काटे, रिकामे विमान 493 किलो. आगीतही टिकेल अशी पोलादी पाटी शेपटीजवळ ठोकली आहे. त्यावर निर्माता म्हणून कोरलेले नाव कंपनीचे नसून माझे आहे. नियमच तसा आहे.

प्रतिनिधीने सकाळी तीन तास विमान पाहिले आणि दुपारी दोन तास ही वही. बंद पत्र्याआडचे भाग त्याने छायाचित्रांत शोधले, सल्लागाराच्या भेटींच्या तारखा जुळवून पाहिल्या. बाबांचे तास वेगळे का लिहिले, असे विचारले. संध्याकाळी त्याने गुलाबी रंगाचे विशेष उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि मर्यादांची पाने हातात दिली. ठिणगी पाडणाऱ्या एका मॅग्नेटोऐवजी मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असल्याने इंजिन मूळ प्रमाणित रूपात नाही, म्हणून चाचणी उड्डाणे 25 ऐवजी 40 तास, ठरलेल्या हद्दीत, प्रवाशाविना.

कॉकपिटजवळ पाच सेंटिमीटर उंचीची 'एक्सपेरिमेंटल' ही अक्षरे आणि आत प्रवाशासाठी इशारा चिकटवला आहे : हे विमान हौशी बांधणीचे असून प्रमाणित विमानांसाठीच्या सुरक्षा नियमांची पूर्तता करत नाही. फोनवर त्याचा मराठी अर्थ सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढं खरं एसटीतसुद्धा लिहीत नाहीत."

बांधकाला मिळणाऱ्या दुरुस्तीपरवान्यासाठी अर्ज भरला. तो मिळाला की या एका विमानाची वार्षिक तपासणी मी स्वतः करू शकेन. विमान विकले तर परवाना नव्या मालकाकडे जाणार नाही. त्याला मेकॅनिक शोधावा लागेल.

एकूण : 1,968 तास. बाबांचे 131.

13 जुलै 2019

पहिले उड्डाण, 34 मिनिटे. त्यापूर्वी प्रशिक्षकाबरोबर दुसऱ्याच्या आरव्हीवर सहा तास सराव केला होता. नियंत्रणाचा दांडा 172 च्या मानाने फार हलका आहे. पहिल्या वळणात हात सैल सोडावा लागला. डावा पंख किंचित जड. तेलाचे तापमान मर्यादेत. उतरल्यावर इंजिनाचे आवरण काढले : एका तेलनळीच्या जोडाला ओल. घट्ट केली.

12 ऑक्टोबर 2019

40.6 तास पूर्ण. आज विमानाच्या लॉगबुकात मर्यादांच्या पानांत सांगितलेले निवेदन लिहिले : चाचणीचे तास पूर्ण झाले, विमान सर्व सामान्य वेगांत व हालचालींत ताब्यात राहते, त्यात कोणतेही धोकादायक लक्षण नाही. त्याखाली मोजलेले आकडे : फ्लॅप्ससह स्टॉल (ज्याखाली पंख विमान पेलत नाही तो वेग) 44 नॉट, सर्वाधिक कोनाचा चढ 66 नॉट, सर्वाधिक दराचा चढ 84 नॉट, त्या वेळचे वजन व भारमध्य. समतल उड्डाणात 145 नॉट मिळाले. चाकांची आवरणे अजून बसवलेली नाहीत, त्यामुळे कंपनीच्या आकड्याशी तुलना आताच करत नाही.

172 च्या पुस्तिकेतले असेच आकडे मी अकरा वर्षे पाठ म्हटले, पण ते कोणी, कोणत्या दिवशी, कशा हवेत मोजले असतील, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. या आकड्यांचे उत्तर मात्र सोपे आहे : 29 सप्टेंबर, सकाळी सात, 1,500 मीटर उंचीवर, हवा शांत, तीन फेऱ्यांची सरासरी.

बाबांचा व्हिसा एप्रिलपर्यंत आहे आणि ते डिसेंबरात येत आहेत. उजव्या आसनाचा पट्टा त्यांच्या मापाला लहान करायचा आहे. तेल बदलणे बाकी. डाव्या पंखाचा जडपणा एलेरॉनची (पंखाच्या टोकाकडील हलत्या पात्याची) मागची कड किंचित दाबून काढायचा. चिमटा शेजारच्या हँगरमधून आणणे.